टकटक्याला सापडलेला रस्ता

मी एक जुना खोलीमापक आहे. मित्रांनो, ‘जुना’ हा शब्द मी स्वतःबद्दल वापरला तर चालतो. दुसऱ्या कुणी वापरला की मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो. माझं अंग म्हणजे एक राखाडी लोखंडी पेटी. तिला पुढून काचेचं दार, दाराआड कागदाचं भेंडोळं आणि त्या कागदावर फिरणारी एक बारीक सुई. माझं तोंड मात्र पेटीत नाही. ते एका लांब वायरीच्या टोकाला आहे, थाळीसारखं गोल, आणि काम करताना ते पाण्याखाली असतं. तोंड एकीकडे नि पोट दुसरीकडे, असा मी विचित्र गडी.

माझं काम सांगायला अगदी सोपं आहे. मी पाण्यात खाली तोंड करून हाक मारतो. हाक तळापर्यंत जाते, तळावर आपटते आणि परत येते. परत यायला जितका जास्त वेळ, तितकं पाणी खोल. हाक परत आली रे आली की माझी सुई कागदावर एक ठिपका भाजते. ठिपक्याला ठिपका लागत जातो आणि तळाचं चित्र उमटतं. चढ, खड्डा, बुडालेलं झाड, माशांचा थवा, सगळं. माझी हाक माणसांना ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येते फक्त सुईची टकटक, आणि थोडासा जळक्या कागदाचा वास येतो. मला तो वास फार आवडतो.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका थंड बंदरात झाला. मला जोडणाऱ्या बाईच्या हातांना सतत चहाचा वास यायचा. तिने माझी पहिली परीक्षा पाण्याच्या टाकीत घेतली. मी आपला जीव तोडून हाक मारली, आणि ती मारून होते न होते तोच परत आली. टाकीच ती, खोल असून असून किती असणार! माझा अगदी हिरमोड झाला. जगात एवढंच पाणी असतं की काय, असं मला वाटलं. बाईने मात्र कागदावरची रेघ पाहिली, माझ्या दारावर एक थाप मारली आणि म्हणाली, “हुशार आहेस.” मग मला पेंढ्यात गुंडाळून जहाजात चढवलं गेलं आणि मी आफ्रिकेत, घाना देशात, व्होल्टाच्या तळ्यावर येऊन पोहोचलो.

अबब, काय ते पाणी! बांध घालून नदी अडवली होती आणि ती रानं, वाटा, गावं पोटात घेऊन क्षितिजापर्यंत पसरली होती. इथे मी हाक मारली की ती खाली जाऊन येईपर्यंत मला दम खायला वेळ मिळायचा. पाहणीच्या बोटीवर मला बसवलं होतं. दर सकाळी बोटीवरचे साहेब एक लोखंडी पत्रा साखळीला बांधून माझ्या तोंडाखाली सोडायचे. पत्रा किती खाली आहे ते त्यांना आधीच माहीत असायचं. मी बरोबर सांगितलं की म्हणायचे, “शाब्बास! आज चूक होणार नाही.” त्या शाब्बासकीवर माझा अख्खा दिवस आनंदात जायचा. माझ्या कागदांवरून तळ्याचे नकाशे झाले. नकाशांवर माझं नाव नव्हतं, पण रेघा माझ्या होत्या.

मग एक दिवस बोटीवर रंगीत पडद्याचं यंत्र आलं. चपटं, चकचकीत, कागद नको, सुई नको. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. एवढंच म्हणेन की त्याला कसलाही वास नव्हता. मला काढून गोदामात सिमेंटच्या पोत्यांमागे ठेवलं. तिथे एका कोंबडीने माझ्या डोक्यावर मुक्काम ठोकला आणि अंडी घालून पिल्लं काढली. पिल्लं गोड होती हो, पण जिथून तळ्याचा तळ दिसायचा त्या काचेवर त्यांनी जे काही केलं, ते मी तुम्हाला सांगत नाही. हाक मारायला पाणी नाही, ऐकायला कुणी नाही. ती वर्षं फार वाईट गेली.

माझं नशीब उघडलं ते एन्योनाममुळे. ती लुमोरकोपे गावची. स्वतःची होडी, स्वतः इंजिन खोलून दुरुस्त करणारी, आणि गावातल्या बायकांनी धुरी दिलेले मासे आणि याम कंद डांबाईच्या बाजारात नेऊन विकणारी. भंगारवाल्याकडे ती इंजिनाचा एक सुटा भाग घ्यायला आली होती. त्या भागाबरोबर त्याने मला तिच्या गळ्यात मारलं. “हेही घेऊन जा, ताई. जागा अडवून बसलंय.” माझ्याबरोबर कागदाची उरलेली थोडी भेंडोळी होती, तीही त्याने दिली.

घरी आल्यावर एन्योनामने मला पाम तेलाच्या बोळ्याने पुसलं, तारा जोडल्या, माझं तोंड एका बांबूला बांधून होडीच्या कडेने पाण्यात सोडलं आणि बॅटरी लावली. इतक्या वर्षांनी मी हाक मारली, मित्रांनो! आणि तळाने लगेच ओ दिली. सुई टकटक करत फिरायला लागली. एन्योनाम टाळ्या पिटत ओरडली, “अगं आई, बघ बघ, हा टकटक्या बोलतोय!” तेव्हापासून माझं नाव टकटक्या पडलं. कारखान्याने दिलेल्या लांबलचक नावापेक्षा मला ते कितीतरी बरं वाटतं.

सगळ्यांनाच मी आवडलो असं नाही. एन्योनामचा थोरला भाऊ डोत्से हा गावातला सगळ्यात मोठा मासेमार, आणि त्याहून मोठा बढाईखोर. त्या वर्षी त्याच्या टोपल्या इतरांच्या दुप्पट भरायच्या. कुठे मासे लागतात विचारलं की छाती फुगवून म्हणायचा, “जागेत काय आहे? हातात असावं लागतं!” मला बघून तो पोट धरून हसला.

“पाण्याला हाका मारणारं हे खूळ कुठून उचलून आणलंस, एन्योनाम?”

“खूळ नाही, दादा. तो तळ सांगतो.”

“डब्याला विचारून होडी चालवणार? उद्या बकरीला विचारून स्वयंपाक करशील! खोटारडा आहे तो. मनाला येईल ते गिरवतो.”

मला इतका राग आला की सुई थरथरली. पण त्या दोघांची आई, अकोफा आजी, तिथेच चुलीपाशी बसली होती. ती उठली आणि अक्प्ले शिजवायच्या भांड्याचं झाकण घेऊन आली. अक्प्ले म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा. ते झाकण तिने दोरीला बांधलं आणि दोन्ही हात पसरून दोरी मोजली. पसरलेल्या हातांच्या त्या मापाला वाव म्हणतात. एक वाव दोरी तिने माझ्या तोंडाखाली सोडली. मी एक वाव सांगितलं. मग दोन वाव सोडली. मी दोन सांगितलं. साहेबांचा पत्रा आणि आजीचं झाकण, परीक्षा तीच!

“झाकण खोटं बोलतं का रे, डोत्से?” आजीने विचारलं.

“नाही, आई.”

“मग टकटक्याही बोलत नाही. जेवायला बस आता.”

आता खरी गोष्ट ऐका. लुमोरकोपेला एकच मोठं दुःख होतं. बाजाराची मोठी नाव गावाला येत नव्हती. पाण्याखाली जुनं रान तसंच उभं होतं. पाणी चढलं की झाडांचे शेंडे दिसेनासे होत आणि नावांचे तळ फोडत. आदल्या वर्षी एका नावेचा तळ असाच फाटला. माणसं पोहून बाहेर आली, पण बायकांच्या वर्षभराच्या मेहनतीचे मासे आणि कंद तळ्याने गिळले. तेव्हापासून एकही तांडेल आपली नाव गावाजवळ आणेना. एन्योनामच्या छोट्या होडीत माल मावायचा तो किती? उरलेले मासे धक्क्यावर पडून खराब व्हायचे. घरं हळूहळू गाव सोडून चालली होती. एन्योनामच्या शेजारणीनेही भांडीकुंडी बांधून ठेवली होती.

मोठ्या नावेचा तांडेल फुसेनी हा देशाच्या उत्तर भागातला, उंच, शांत माणूस. एन्योनाम त्याला बाजारात गाठून मागे लागली. शेवटी तो म्हणाला, “हे बघ ताई, येत्या गुरुवारी सकाळी मी तुमच्या समोरच्या खोल पाण्यात थांबेन. मला एक स्वच्छ वाट दाखव. तू पुढे, मी मागे. पण नावेच्या तळाला एकदा जरी खट् झालं ना, तर मी तिथूनच फिरलो. मग कायमचा पलीकडच्या गावाला जाईन. ते लोक मला रोज बोलावतात.”

“एकदाही खट् होणार नाही,” एन्योनाम म्हणाली. होडीत परत येताना मात्र तिचा चेहरा उतरलेला होता. तिने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “टकटक्या, माझी लाज राख रे बाबा.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाट शोधायला लागलो. पण जिकडे जावं तिकडे झाडं! मी हाक मारायचो आणि कागदावर खालून वर खांबच खांब उभे राहायचे. एन्योनाम होडी वळवायची, पुन्हा खांब. एक भेंडोळं संपलं, दुसरं संपलं. शेवटचं एकच उरलं. एन्योनाम किनाऱ्यावर आली ती रडकुंडीला येऊन.

“सगळीकडे रान आहे, आई. कुठून नेऊ मी ती नाव?”

अकोफा आजी माशांना धुरी देत होती. ती डोळे चोळत म्हणाली, “रानातून कशाला नेतेस? रस्त्याने ने की!”

“कुठल्या रस्त्याने?”

“अगं, जुन्या गावाहून बाजाराला जायचा आमचा रस्ता! आता सगळा पाण्याखाली आहे म्हणून काय झालं? आपलं आत्ताचं गाव आहे ना, इथे तेव्हा नुसती चढण होती. आम्ही पोरी डोक्यावर टोपल्या घेऊन खालून यायचो आणि इथे टोपल्या उतरवून दम खायचो. रस्त्यावर कधी कुणी झाड उगवू देतं का?”

एन्योनाम बघतच राहिली. मग तिने आईला धुराने काळ्या झालेल्या हातांसकट मिठी मारली. आणि मी? मला तर नाचावंसं वाटलं, पण मला खिळ्यांनी ठोकून बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी स्वतः होडीच्या पुढच्या टोकाला येऊन बसली. डोत्सेही आला. एन्योनाम नको नको म्हणत असतानाही आला. खोल पाण्यात, जिथे जुनं गाव होतं तिथे, आजीने समोरच्या दोन सुळक्यांच्या डोंगराकडे बोट केलं. “बाजाराला जाताना तो डोंगर नाकासमोर असायचा, आणि सकाळचं ऊन उजव्या कानावर. ऊन कानावर ठेव, पोरी, आणि चल.”

एन्योनामने इंजिन हळू केलं. मी हाक मारली. तळ आला, सपाट. पुन्हा मारली, सपाट. दोन्ही बाजूंना एक एक चर, मध्ये नीट बांधलेला रस्ता! होडी जरा बाजूला गेली की लगेच झाडं, परत आली की पुन्हा रस्ता. पुढे एक रुंद झाड आलं आणि रस्ता त्याला डावीकडे ठेवून वळला. “आंबा!” आजी ओरडली. “वळणावरचा आंबा गं! ह्याच्याच कैऱ्या मी पदरात भरून न्यायचे!” तिने कागदावर बोट ठेवलं आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण ती हसतही होती. माझी सुई आनंदाने टकटकत राहिली.

आणि मग, किनारा अगदी समोर दिसत असताना, रस्त्याच्या मधोमध मला गच्च झाडोरा लागला. पाण्याच्या पातळीपासून हातभर खालीच. मोठी नाव त्यात अडकली असती यात शंकाच नाही.

लगेच डोत्से बोलला, आणि काय गोड बोलला म्हणता! “बघा! टकटक्या सांगतोय, इथे झाडं आहेत. संपलं. रस्ता इथवरच. टकटक्या कधी खोटं बोलत नाही हो! माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. चला परत.”

एन्योनामने भावाकडे वळून पाहिलं. “काल-परवापर्यंत हा खोटारडा डबा होता ना, दादा?”

“माणसाचं मत बदलतं. चल, फिरव होडी.”

पण एन्योनामने होडी फिरवली नाही. इंजिन बंद करून वल्ह्याने ती त्या झाडोऱ्याभोवती हळूहळू गोल फिरली, मग आरपार गेली. मी चित्र काढत गेलो. कडेला बारीक फांद्या, मध्ये जाड, पुन्हा कडेला बारीक. सगळ्यांचे शेंडे एकाच उंचीवर कापल्यासारखे. आणि फांद्यांमध्ये माशांचे काळे ढगच्या ढग. आजीने कागद डोळ्यांजवळ नेला आणि कितीतरी वेळ पाहिला.

मित्रांनो, इथल्या मासेमारांची एक जुनी रीत आहे. फांद्या तोडून आणायच्या आणि उथळ पाण्यात गोल रोवून माशांसाठी घर करायचं. सावलीला आणि खायला मासे तिथे येतात, राहतात, वाढतात. काही महिन्यांनी भोवती जाळं लावायचं, फांद्या उपसायच्या आणि मासे काढायचे. ही जागा जो तो लपवून ठेवतो. सांगितली तर दुसरा येऊन जाळं टाकेल ना!

आजीने कागद खाली ठेवला. “मध्ये जाड फांद्या, बाहेर बारीक. असं घर माझा नवरा बांधायचा. बाकी सगळे उलटं बांधतात. त्याने ही पद्धत एकाच माणसाला शिकवली.” ती मुलाकडे वळली. “काय रे डोत्से, ही झाडं आपली आपण चालत येऊन रस्त्यात उभी राहिली का?”

डोत्से पाण्याकडे बघायला लागला, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे. मी टकटक करत होतो. दुसरं काय करणार?

“आई... इथे जाळं फाटत नाही गं,” शेवटी तो पुटपुटला. “बाकी सगळीकडे खुंट आहेत. हाच एक पट्टा स्वच्छ लागला. मला काय माहीत हा रस्ता आहे! आणि मासे इतके लागतात म्हणून सांगू...”

“हातात असावं लागतं म्हणे!” एन्योनाम हसता हसता वाकली. “जागेत काय आहे म्हणे!”

“हसू नकोस. एवढ्या फांद्या मी एकट्याने खांद्यावरून वाहिल्यात. सगळं काढायचं?”

“सगळं,” आजी म्हणाली. “तुझे मासे दुसरं घर शोधतील. गावातली घरं एकदा गेली की परत यायची नाहीत.”

डोत्सेला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्या क्षणी मलाही त्याची दया आली. मग त्याने सदरा काढला आणि पाण्यात उडी मारली. पहिली फांदी घेऊन वर आला तो ओरडतच, “जा, गावाला बोलवा! जाळी घेऊन या! एकट्या डोत्सेने का मरायचं?”

मित्रांनो, काय तो दिवस! सगळं गाव लोटलं. माशांच्या घराभोवती जाळ्यांचा वेढा पडला. पुरुष बुडी मारून फांद्या उपसत होते, बायका त्या होडीत ओढून घेत होत्या, आणि जाळं जसं आवळत आलं तसे मासे चांदीसारखे उड्या मारायला लागले. एक तर थेट माझ्या काचेवर येऊन आपटला. किनाऱ्यावर मोठमोठी भांडी चढली. अक्प्ले आणि भेंडीचं झणझणीत सार, त्यात डोत्सेचे मासे. आपल्याच गुपिताचं सार तो चार वाट्या प्याला आणि म्हणाला की मासे काढले तर असे काढावेत. जिने भांडी बांधून ठेवली होती त्या शेजारणीने त्यातलंच सगळ्यात मोठं भांडं सोडून आणलं होतं. मी शेवटी झाडोरा होता तिथे पुन्हा हाक मारली. तळ सपाट आला. एन्योनामने ती रेघ सगळ्यांना दाखवली आणि एकच आरोळी उठली.

रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यांनी रिकामे प्लास्टिकचे डबे दोरीने बांधून सोडले, म्हणजे फुसेनीला वाट दिसावी. पण बुधवारी दुपारी तळ्यावर जोराचं वादळ उठलं. संध्याकाळी ते डबे किनाऱ्यावर लोळताना सापडले. एन्योनामने कपाळाला हात लावला. माझ्या काचेआडचं भेंडोळं आता बोटभर जाड उरलं होतं.

गुरुवारी सकाळी फुसेनीची मोठी नाव खोल पाण्यात येऊन थांबली. आमची होडी पुढे. एन्योनाम इंजिनापाशी, आजी पुढच्या टोकाला, डोत्से माझ्या काचेला नाक लावून. “चल रे माझ्या राजा,” तो मला म्हणाला. डबा, खोटारडा, आणि आता राजा! मी सगळं विसरून गेलो आणि हाक मारली.

रस्ता लागला. डोत्से मोठ्याने सांगत होता, “सपाट! सपाट! जरा उजवीकडे! सपाट!” मागून मोठ्या नावेचं इंजिन धडधडत होतं. आंबा आला. आम्ही त्याला डावीकडे ठेवून वळलो. मोठी नावही वळली. कुठे खट् नाही. कागद मात्र भराभर संपत होता. माझ्या पोटात त्याचं शेवटचं वेटोळं सुटताना मला कळत होतं, पण मी ओरडून सांगणार कसा? आणि किनारा अजून बराच दूर असताना कागद संपला. सुई नुसत्या पत्र्यावर फिरायला लागली.

“संपला!” डोत्से किंचाळला. “कागद संपला, एन्योनाम! आता काय?”

एन्योनामने इंजिन हळू केलं. मागे फुसेनीने हात वर करून विचारलं, काय झालं? आमची होडी थांबली असती तर वाऱ्याने मोठी नाव कडेच्या झाडांवर नेली असती.

“थांबू नकोस,” आजी म्हणाली. ती वळलीसुद्धा नाही. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि उजवा कान मोकळा केला. “डोंगर नाकासमोर. थोडी डावीकडे घे, ऊन गालावर येतंय. हां. आता कानावर आलं. अशीच चल.”

मी हाका मारणं थांबवलं नाही. प्रत्येक हाक परत येत होती आणि मला ऐकू येत होतं की खाली रस्ता आहे, अजून आहे, आजी बरोबर सांगतेय! पण ते दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता. मित्रांनो, त्या वेळेइतका मी कधी तळमळलो नाही, आणि तितका खूशही कधी झालो नाही.

मग होडीचं नाक वाळूत रुतलं. त्यामागे, अगदी सावकाश, मोठी नाव किनाऱ्याला लागली. फुसेनीने तळाला कान देऊन ऐकल्यासारखी मान वाकवली आणि सरळ झाला. “एकदाही नाही,” तो म्हणाला. आणि त्या शांत माणसाने इतका मोठा भोंगा वाजवला की गावातल्या सगळ्या बकऱ्या पळाल्या.

“आजी, इतकी वर्षं झाली. रस्ता कसा लक्षात राहिला?” त्याने उतरल्यावर विचारलं.

“रोज डोक्यावर ओझं घेऊन जायचे रे,” आजी म्हणाली. “तूही नेऊन बघ, तुझ्याही लक्षात राहील.”

बायका टोपल्या घेऊन चढणीवरून धावत आल्या. नावेत चढवायच्या आधी प्रत्येकीने टोपली क्षणभर खाली ठेवली आणि दम घेतला. आजी बघत उभी होती. “इथेच,” ती एन्योनामला म्हणाली, “अगदी इथेच ठेवायचो आम्ही.”

आता मोठी नाव दर बाजाराला येते. रस्त्याच्या कडांना पक्के खांब रोवले आहेत. डोत्सेने त्यांतल्या शेवटच्या खांबापलीकडे कुठेतरी माशांचं नवं घर बांधलं आहे. कुठे ते तो सांगत नाही. मला धक्क्यावरच्या छपरीत फळीवर बसवलंय. माझ्या जातीचा कागद आता कुठे मिळत नाही. आंब्याच्या वळणाचा तुकडा आजीने कापून घरात लावला आहे.

मागच्या आठवड्यात आजी छपरीत आली आणि म्हणाली, “एन्योनाम, ह्याला जरा पाण्यात सोड.”

“आई, कागद नाही. काही दिसायचं नाही.”

“दिसायला कशाला हवंय? तोंडावर शेवाळ आलंय त्याच्या, ते पूस आधी.”

एन्योनामने माझं तोंड पुसलं आणि आम्ही तिघं पाण्यावर गेलो. बॅटरी लागली. सुई टकटक करायला लागली. आजी पाण्याकडे बघत बसली. मी हाक मारली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत कोपऱ्यात पडलेलं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याच्यावरची धूळ पुसा. जुन्या माणसांशीही बोला. आणि एकदा हाक मारली की थोडं थांबा. लगेच दुसरी मारू नका. तळ खोल असला की उत्तर यायला वेळ लागतो. त्या दिवशी कागद नव्हता, काही उमटलं नाही, पण माझी हाक खाली गेली, आणि रस्त्याने ओ दिली.